मंगळवारचे तांदूळ

भाऊ दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि परत आला नाही. बोटही नाही, माणूसही नाही. बाबा तेव्हा मिठागरावर कामाला होते. पायांना इतक्या भेगा की चप्पल घालता येत नव्हती. आई मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या इमारतींत पाटीवर मासळी विकायची. वास येतो म्हणून वॉचमन लिफ्टमध्ये घ्यायचा नाही, ती जिने चढायची. भाऊ गेल्यावर तिनं पाटीच उचलली नाही. रोज दुपारी त्याचं ताट वाढून दाराकडे बघत बसायची.

मोरवा गावातल्या आमच्या घरातली मी पहिली बी.ए., तेही मानसशास्त्र घेऊन. मीरा रोडच्या एका समुपदेशन केंद्रात लागले होते. वस्त्यांमध्ये फिरून फॉर्म भरायचे: झोप येते का, भूक लागते का, मरावंसं वाटतं का. दिवसभर लोकांची दुःखं लिहायची आणि घरी यावं तर घरात तेच. थकून जायचे.

दर मंगळवारी गावातला भगत यायचा. सुपात तांदूळ टाकायचा, दाणे जोडीनं पडले की एकटे ते बघायचा आणि सांगायचा, "हाय पोरगा. उगवतीला हाय." त्या दिवशी आई दोन घास जेवायची.

एका मंगळवारी माझं डोकं फिरलं. सूप उचलून बाहेर ठेवलं. "काका, परत आलात तर पोलिसांत जाईन."

मी शिकलेली, मी बरोबर. तो खोटं सांगतच होता. पण आईनं माझ्याशी बोलणं टाकलं, जेवणही टाकलं. केंद्रातल्या डॉक्टरांकडे चल म्हटलं की भिंतीकडे तोंड करायची. आठवड्यानं एकदाच बोलली.

"तो इचारतो तरी, माझा पोर काय खायचा, कसा हसायचा. तू नुसता कागद भरते."

खरं होतं. मी तिचाही फॉर्म भरला होता.

मी भगताच्या घरी गेले, तो अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. "आली डॉक्टरीण! पोलीस कुठं ठेवलं?"

"काका, या तुम्ही. पण एकदा तिला खरं सांगा."

त्यानं जाळ्याची गाठ आवळली. "खरं मला तरी कुठं म्हाईत हाय? तिचं तोंड बघून 'न्हाय' निघत न्हाय गो."

मंगळवारी तो आला. नेहमीसारखं विचारत गेला, आणि आई सांगत गेली, तव्यावरचे बोंबील पळवायचा म्हणून. मग त्यानं तांदूळ टाकले आणि दाणे न बघताच सूप बाजूला सारलं.

"बाय, तांदळाला म्हाईत न्हाय. मला बी न्हाय."

आईनं त्याच्या छातीवर बुक्के मारले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा रडली, दुपार टळेपर्यंत. मी जवळ बसून होते. हातात कागद नव्हता.

उठताना तो म्हणाला, "आता पोरीच्या डॉक्टराकडं जा. गोळी पयली देवीपुढं ठेव, मंग घे."

दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षात आई, भगत आणि मी, तिघं केंद्रात गेलो. तिथले लोक हसले मला, "आता भगतालाही स्टाफवर घ्या!" घेतला नाही, पण पुढं दर मंगळवारी मी गावच्या देवळातच बसायला लागले. भगत माणसं आणायचा, मी ऐकायचे.

भाऊ आला नाही. आई काही महिन्यांनी पाटी घेऊन पुन्हा बेव्हर्ली पार्कात गेली, आणि ते ताट वाढणं तिनं स्वतःहून थांबवलं.