खाली मान घालून

माझ्या स्टुडिओत शिरलं की डाव्या भिंतीवर एक काळा-पांढरा फोटो आहे. उथळ पाण्यात उभा असलेला लांब पायांचा पक्षी, खाली त्याचं उलटं प्रतिबिंब आणि कडेला म्हशीची धूसर पाठ. नवीन येणारा हमखास विचारतो, "कोकणातला का?" मी म्हणते, "चाकूरचा." मग तो हसतो. त्याला वाटतं बाई थट्टा करतेय. आमच्याकडे समुद्र असता तर आम्ही जन्मभर टँकरच्या मागे घागरी घेऊन कशाला पळालो असतो? पण फोटो चाकूरचाच आहे आणि मी काढलेला आहे. हे सांगताना माझी छाती आजही फुगते, आणि मी ती फुगू देते.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, कचेऱ्या आल्या म्हणजे अर्ज आले आणि अर्ज म्हटला की पासपोर्ट साईजचा फोटो आला. चाकुरात फोटोचं दुकान आमचंच. ज्या माणसांनी लग्नातसुद्धा फोटो काढला नव्हता ती डोक्याला तेल चोपडून आमच्या बाकावर रांगेत बसायला लागली. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "जिल्हा आला, पर संगं पानी घेऊन न्हाई आला." कारण पाऊस सलग दोन वर्षं रुसला होता. विहिरींचे तळ दिसत होते आणि गावाबाहेरचं तळं वाटीत उरलेल्या आमटीएवढं झालं होतं.

आबांकडे दोन कॅमेरे होते. एक लाकडी, तिकाटण्यावर बसवलेला, काळ्या फडक्याचा; तो स्टुडिओतून कधी हलत नसे. दुसरा हातातला, दोन भिंगांचा. तो गळ्यात अडकवून आबा लग्नांना, वैशाख पौर्णिमेला विहारात, शाळांच्या संमेलनांना जायचे. आम्ही त्याला 'बाहेरचा कॅमेरा' म्हणायचो. ज्याच्या गळ्यात तो, त्याला बाहेर जायची मुभा, असा घरातला अलिखित कायदा होता.

मी दहावी होऊन घरात बसले होते. फोटो धुणं, कापणं, चिकटवणं, सगळं मी करायचे. पण बाहेरच्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. त्या वर्षी आबांचा उजवा हात थरथरायला लागला. लग्नातले तीन-चार फोटो हलले, आणि एक दिवस जेवताना ते म्हणाले, "होळी झाली की बाहेरचा क्यामेरा पुतण्याला देऊन टाकतो." पुतण्या म्हणजे माझा चुलत भाऊ. त्याला फोटोतलं एवढंच कळायचं की फोटोत आपण मधे उभं राहायचं असतं.

मी म्हणाले, "मला द्या."

माय म्हणाली, "पोरीची जात. गावोगाव फिरणार हायेस का क्यामेरा लटकावून?" मायचं माझ्या बाबतीत एकच सूत्र होतं. शाळेत जाताना, पाण्याला जाताना, दळणाला जाताना उंबऱ्यात उभी राहून ती सांगायची, "खाली मान घालून जायचं, खाली मान घालून यायचं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की गावातल्या माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा मला त्यांच्या चपला जास्त ओळखू यायच्या.

आबा मात्र लगेच नाही म्हणाले नाहीत. भाकरीचे तुकडे केले. मग म्हणाले, "बसलेल्या मानसाचा फोटो कुनीबी काढतंय. न बसनाऱ्याचा काढून दाव. एक रोळ देतो, बारा फोटो. होळीच्या आत. त्यातला एक तरी असा पायजे, की मला वाटावं, ह्यो मी काढायला पायजे होता. तर क्यामेरा तुझा."

न बसणारं काय, हे मला शोधावं लागलं नाही. तळ्यावर पाण्याला जाताना मी रोज बघत होते. पाणी जसजसं मागे सरकलं तसतसा चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडला होता, आणि त्या चिखलावर कधी न पाहिलेली पाखरं उतरली होती. माणसांचं तळं मेलं होतं, पण पाखरांचा बाजार भरला होता. बारकी, सुईसारख्या चोचीची, सारखी शेपूट हलवणारी. आणि त्यांच्यात ती उंच, काळ्या पंखांची, गुलाबी काड्यांवर उभी केल्यासारखी. शेकाट्या हे त्यांचं नाव मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. ती एक क्षण बसत नव्हती.

माझा बेत ऐकून चुलत भाऊ खदाखदा हसला. "टिटवी समुद्र आटवते म्हनत्यात, ही तर आटलेल्या तळ्यावरच निघाली!"

मी चिडकी आहे, ती तेव्हापासूनची. त्या रागातच पहिल्या दिवशी सकाळी मी तळ्यावर गेले. आता या कॅमेऱ्याची एक गंमत सांगायला हवी. तो पोटापाशी धरायचा आणि वरून, खाली वाकून, त्याच्या काचेत बघायचं. समोरचं चित्र त्या काचेत दिसतं. पण त्याच्या झाकणात एक चौकोनी भोकही असतं. त्यातून कॅमेरा डोळ्यासमोर धरून सरळ बघता येतं. मी ठरवलं, घरात आयुष्यभर खाली मान घातली, इथे घालणार नाही. ताठ उभी राहिले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि पाखरांकडे रोखून बघत चालू लागले.

चिखलाच्या कडेला एक टिटवी होती. तिने मला पाहिलं आणि असा गलका केला की जणू मी तिच्या घरात चोरी करायला शिरले होते. सगळा बाजार उठला. मी घाईघाईने तीन फोटो काढले. तिन्हींत आभाळ आलं, हे मला न धुताही माहीत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तीच टिटवी, तोच गलका, आणखी तीन फोटो वाया. घरी आले तर माय म्हणाली, "टिटवी वरडती म्हंजी अपशकुन असतो." मी म्हणाले, "अपशकुन तिच्यासाठी. सापडली तर मान मुरगाळीन." मग कोपऱ्यात बसून रडले. सहा उरले होते आणि होळी पाच दिवसांवर आली होती.

तिसऱ्या दिवशी तळ्यावर एक म्हातारी तिची म्हैस घेऊन आली होती. तिला मी नुसतं बघून ओळखत होते, मावशी म्हणायचे. म्हैस उरलेल्या पाण्यात पोटापर्यंत शिरली, आणि मी बघतच राहिले. पाखरं उडाली नाहीत. उलट म्हशीच्या पायांनी चिखल ढवळला तशी ती जवळ आली. ती छळवादी टिटवीसुद्धा गप्प.

मावशीने दोन दिवस माझा तमाशा बघितलेला असणार. ती म्हणाली, "लई येडी हायेस गं पोरी. डोळ्याला डोळा देऊन राहिलीस त्यास्नी. पाखराला वाटतंय, ही आता खाती आपल्याला. म्हशीच्या आडून जा. आन् खाली मान घाल."

माझं डोकंच फिरलं. म्हणाले, "मावशी, घरी तेच, इथं पन तेच? पाखरांनीसुद्धा मला खाली मान घालाय लावायची?"

मावशी तंबाखू मळत होती. ती थांबली नाही. "म्हैस बी खालीच मान घालती माय. म्हनून काय ती कुनाला भेती?"

 

साडीचा काचा मारून मी पाण्यात शिरले. म्हशीच्या कुशीला खेटून, वाकून, झाकणाचं ते भोक बंद करून प्रथमच वरच्या काचेत बघितलं. आणि हरखून गेले. हाताच्या पंजाएवढ्या काचेत सगळं तळं आलं होतं. पाणी, ऊन, पाखरं. घरातून निघताना खाली मान घातली की मला फक्त धूळ दिसायची. इथे खाली मान घातली तर आभाळही दिसत होतं.

पण फोटो काही मिळेना. त्या काचेत चित्र उलटं दिसतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. पाखरू उजवीकडे निघालं की मी कॅमेरा भलतीकडे वळवायची आणि ते काचेतून सटकायचं. सातव्या फोटोत नुसती शेपूट आली. आठव्यात म्हशीचं शिंग. मी बटणावरचं बोट काढलं आणि पुढचे दोन दिवस फोटो काढलाच नाही. नुसती काचेत बघत राहिले. पाखरू इकडं गेलं की हात तिकडं, हे हाताला पाठ होईपर्यंत. आबा संध्याकाळी विचारायचे, "किती उरले?" मी म्हणायचे, "चार." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "चार." त्यांच्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी ऊन कोवळं होतं आणि वारा पडला होता. मी म्हशीला खेटून गुडघाभर चिखलात. चार हातांवर एक शेकाट्या. त्याने एक पाय उचलला, पाण्याबाहेर काढला, पुन्हा ठेवला. मी श्वास धरून काचेत बघत होते. तो वाकला. चोच पाण्याला टेकली, तशी खालून त्याच्या प्रतिबिंबाची चोच वर आली आणि दोन्ही टोकं जुळली. तो खाली मान घालून, म्हैस खाली मान घालून, मी खाली मान घालून. तिघांपैकी कुणीही कुणाला भीत नव्हतं. मी बटण दाबलं.

तो नववा फोटो. मिळाला, हे मला तिथेच कळलं. मी इतक्या जोरात ओरडले की सगळी पाखरं उडाली आणि म्हशीने मला शेपटीचा फटका दिला. उरलेल्या तीनपैकी एक मावशीचा काढला. ती पदर सावरून शिपायासारखी ताठ उभी राहिली. एक म्हशीचा. आणि शेवटचा परत येऊन बसलेल्या त्या टिटवीचा, कारण आता मला तिच्यावर राग धरायला वेळ नव्हता.

रोळ धुवायला पाणी नव्हतं. हायपोच्या रसायनातून काढलेली फिल्म भरपूर पाण्यात धुवावी लागते, नाहीतर ती पिवळी पडते, आणि घरात प्यायचे दोन हंडे होते. मी तळ्यावर परत गेले, दोन घागरी गढूळ पाणी आणलं, तुरटी फिरवली, धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळलं. ज्या पाण्यात पाखरू उभं होतं त्याच पाण्यात त्याची फिल्म धुतली. तरी चिखलाचा एक कण तिला चिकटलाच. छापल्यावर फोटोत वर, आभाळात, एक पांढरा ठिपका आला. असले ठिपके आबा बारीक कुंचल्याने बुजवून टाकायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो त्यांच्यापुढे ठेवला. बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती. आबांनी भिंग काढलं. थरथरता हात दुसऱ्या हाताने धरला आणि फोटोवर वाकले.   बाकावरचा एक जण उठला. लातूरच्या नव्या कचेरीत चिकटलेला कारकून होता. त्याने डोकावून विचारलं, "मुंबईकडचा का हो? समुद्रावरचा?"

आबा फोटोवरून मान न उचलता म्हणाले, "न्हाई. आपल्या तळ्यातला. माझ्या लेकीनं काढलाय." मग भिंग ठेवून माझ्याकडे बघितलं. "ह्यो मी काढायला पायजे होता," ते म्हणाले. "ठिपका ऱ्हाऊ दे तसाच."

त्यांनी खुंटीवरचा बाहेरचा कॅमेरा काढला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझ्या गळ्यात अडकवला. मी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. चुलत भाऊ दारातच उभा होता. मी नाक पुसत म्हणाले, "आटवला बघ समुद्र." तो हसला, आणि या वेळी त्याचं हसणं मला गोड वाटलं.

आबा म्हणाले, "बस स्टुलावर. तुझाबी एक फोटो काढू." लाकडी कॅमेरा तिकाटण्यावर होता, तिथे हात थरथरला तरी चालत होतं. ते काळ्या फडक्यात शिरले. मी स्टुलावर बसले, कॅमेरा पोटापाशी धरला आणि चार दिवसांच्या सवयीने काचेत बघत राहिले. काचेत आमचा स्टुडिओ उलटा दिसत होता. बाक, गिऱ्हाइकं, आणि आतल्या दारात पिठाच्या हातांनी उभी असलेली माय.

आबा फडक्यातून काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. तेवढ्यात मायच पुढे आली. पिठाचं बोट माझ्या हनुवटीखाली लावून म्हणाली, "अगं, खाली काय बघून राहिलीस? मान वर कर. दिसू दे की समद्यास्नी."