मला बाहेर थांबायला सांगितलं तो दिवस

शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत माझी मुलगी माझ्यापासून कधी लांब राहिली नव्हती. ती बोलत नसे. काही हवं असलं की माझं मनगट धरून ओढत न्यायची. तहान कुठली, भूक कुठली, कुठल्या आवाजानं ती कान झाकते, हे सगळं मीच ओळखायचं. वडवणीजवळच्या आमच्या वस्तीवर स्वमग्नता हा शब्द कुणी ऐकला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, नारायणगडावर दर्शनाला नेऊन आणू, वाचा फुटेल. तेही करून झालं.

मग बीडला अशा मुलांसाठी दिवसभराचं उपचार केंद्र असल्याचं कळलं. आम्ही सकाळच्या एसटीनं जाऊ लागलो. सुरुवातीला मी तिच्याशेजारीच बसायचे. एका सोमवारी तिथल्या ताईंनी सांगितलं, की आजपासून मी बाहेर थांबायचं. मी म्हटलं, ती माझ्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आतून तिचं ओरडणं सुरू झालं. मला पायरीवर बसवेना. रस्त्यापर्यंत गेले, परत आले. टपरीवर चहा सांगितला आणि तसाच ठेवून निघाले. नवऱ्याला फोन लावला. तो रानात फवारणी करत होता. म्हणाला, त्यांना कळत असंल की, रडू दे थोडं. मग त्यानंच विचारलं, "लई रडतीय का?" मी फोन दाराकडे धरला.

तेवढ्यात आतला आवाज एकदम थांबला. ते मला अजिबात सोसेना. मी दार ढकलून आत गेले. मुलगी टेबलाखाली मांडीवर जड उशी घेऊन डुलत होती. ताई थोड्या अंतरावर जमिनीवर बसल्या होत्या. मला बघताच ती उठली, मनगट धरून दाराकडे ओढू लागली आणि पुन्हा तसंच ओरडू लागली.

ताई रागावल्या नाहीत. "शांत झाली होती ती," एवढंच म्हणाल्या. "आता परत पहिल्यापासून."

मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि बाहेर आले.

केंद्रात तिला पाण्याच्या ग्लासाचं चित्र असलेलं कार्ड दुसऱ्याच्या हातात द्यायला शिकवत होते. तसंच एक कार्ड आम्ही घरी माठाजवळ टांगलं. तिनं ते चावलं, फेकलं, खाटेखाली सारलं. एका दुपारी मी धुणं वाळत घालत असताना सासूबाईंनी हाक मारली. धावत गेले. मुलीनं कार्ड त्यांच्या हातात दिलं होतं आणि ती समोर उभी होती.

"पानी मागतीय का गं ही? माझ्यापशी?"

मी मान डोलावली. त्यांनी पाणी दिलं. ती प्यायली आणि तिनं कार्ड पुन्हा त्यांच्या हातात ठेवलं. सासूबाई पुन्हा उठल्या. गुडघे धरून कितीदा उठल्या असतील कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचं अंथरूण ओलं होतं, ते सासूबाईंनीच उन्हात टाकलं.

आता ती मागं न बघता केंद्रात जाते. ताई सांगतात, तुम्ही बाजार करून या, बसा कुठंतरी निवांत. निवांत बसणं मला काही जमत नाही. केंद्र लहान मुलांचंच आहे. ती मोठी झाल्यावर कुठं न्यायचं, असं परवा मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांनाही अजून माहीत नाही.