गाडी पुढे मी लावली

सन २०१६. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होतो. तेव्हाची ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं तेव्हा देवालाही बाकी सगळं सांगितलं, हे नाही. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणूनच बहुतेक तुम्हाला सांगवतंय.

मी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स चालवायचो. शिक्षण चौथी. पण गाडीतलं मला कोणी शिकवायचं नाही, असा माझा स्वभाव. अजून तसाच आहे, खोटं कशाला बोलू? भांडुपला ट्रॅफिक किती वाजता तुंबतो, पवईत कुठली गल्ली पकडली की अर्धा तास वाचतो, कुठला हवालदार नुसता हात केला तरी रस्ता मोकळा करतो, सगळं माझ्या डोक्यात. नवीन पोरं मोबाइलमध्ये रस्ता बघायची. मी हसायचो.

गाडीत माझ्याबरोबर सुनंदा मॅडम असायच्या. पेशंटला जागेवर सांभाळायचं, ऑक्सिजन लावायचा, मोडलेलं हाड बांधायचं, हे त्यांचं काम. वय चौतीस. राहायला मुलुंडला. मला काका म्हणायच्या. मी जांभई दिली की बोलायच्या, "काका, तुम्ही झोपा, मी चालवते. दोघं मिळून वर जाऊ." मी पण कमी नव्हतो. "तुम्ही चालवलीत तर पेशंट उतरून रिक्षा करील." अशी आमची जोडी. चार वर्षं.

त्या वर्षी आम्हाला दोन दिवस ट्रेनिंगला बसवलं. एक पोरगेला सर. त्याने फळ्यावर रस्ता काढला आणि सांगितलं — अपघात रस्त्यात असेल तर गाडी पेशंटच्या अलीकडे थांबवा. मागून येणाऱ्या गाड्या आणि आपली माणसं, यांच्या मध्ये. जरा तिरकी. दिवे चालू. मागे लाल त्रिकोण. कोणी आदळलाच तर गाडीवर आदळेल, माणसावर नाही.

आम्ही जुने ड्रायव्हर शेवटच्या बाकावर खिदळत होतो. आमची पद्धत वेगळी. पेशंटच्या पुढे जायचं, तोंड हॉस्पिटलकडे, मागचं दार बरोबर पेशंटसमोर. स्ट्रेचर सरळ आत, की गाडी सुटली. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांवर माझं नाव होतं. काकांची गाडी म्हणजे पेशंट पोचला, असं वॉर्डबॉय बोलायचे. अलीकडे गाडी लावा, मग वळसा घालून स्ट्रेचर न्या, तोवर माणूस तिथेच जायचा, असं मी मॅडमना म्हणालो. त्या म्हणाल्या, "काका, आपण पण माणसंच आहोत ना?"

मी हसण्यावारी नेलं.

सांगतो. येतोय तिथेच. सरळ चालत जाता येत नाही तिथपर्यंत.

दुपारची वेळ होती. मुलुंडला एका आजींना घरी सोडून आम्ही हायवेने परत येत होतो. कांजूरच्या आसपास मोटारसायकल पडलीय, असा फोन आला. लांबूनच दिसलं. डाव्या लेनमध्ये गाडी आडवी, बाजूला माणूस पालथा. मॅडम म्हणाल्या, "काका, अलीकडे थांबा." मी गाडी हळू केली नाही. त्या परत म्हणाल्या, "अलीकडे, काका."

दोनदा. मी ऐकलं. माझे कान तेव्हा चांगले होते, आजही आहेत. ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. मग का नाही थांबलो? बाईमाणूस सांगतेय म्हणून? वयाने लहान म्हणून? त्या पोरगेल्या सराचं बोलणं तिच्या तोंडून आलं म्हणून? तिन्ही.

मी गाडी पुढे नेऊन लावली.

मॅडमनी बॅग उचलली, उतरल्या, धावत मागे गेल्या. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून गुडघ्यांवर बसल्या आणि त्या माणसाच्या डोक्याला पट्टी गुंडाळायला लागल्या. मी दार उघडून स्ट्रेचर ओढत होतो. लाल त्रिकोण सीटखाली होता. तिथेच राहिला.

टेम्पो आला. ब्रेकचा आवाज ऐकला आणि मान वर केली तर मॅडम जागेवर नव्हत्या. कठड्यापाशी पडल्या होत्या. पट्टीचं एक टोक त्या माणसाच्या डोक्याला होतं आणि बाकीची पट्टी रस्त्यावर उलगडत गेली होती — त्यांच्यापर्यंत.

दोन रिक्षावाल्यांच्या मदतीने मी दोघांना गाडीत घातलं आणि आणलं. तो मोटारसायकलवाला आठवड्यात चालत घरी गेला. त्या दुपारी मात्र मला सगळे शाबासकी द्यायला लागले. काकांनी एकट्याने दोघांना आणलं, डोकं शांत ठेवलं. कोणी चहा आणून हातात दिला. मी तो प्यायलो.

मग सुपरवायझर साहेबांनी मला खोलीत बोलावलं. मॅडम तेव्हा ऑपरेशनला आत होत्या. साहेबांनी विचारलं, "गाडी पुढे कशी लागली?"

मी म्हणालो, "मॅडम बोलल्या, पुढे घ्या."

बस. एवढंच. जागेवर मॅडमचा शब्द शेवटचा, असा आमचा नियम, त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही. साहेबांनी लिहून काढलं, मी खाली सही केली. मला सहीला वेळ लागतो, एकेक अक्षर काढतो मी. तेवढ्या वेळात थांबता आलं असतं. नाही थांबलो.

मॅडमची मांडी आणि कंबर मोडली होती. त्या पुन्हा गाडीवर आल्या नाहीत. त्या हॉस्पिटलमध्ये खिडकीत बसून केसपेपर काढायच्या, काठी भिंतीला टेकवून. बाहेर सायरन वाजला की मान वळायची त्यांची. मी निवृत्त होईपर्यंत रोज बघितलंय. गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, मला माहीत नव्हतं का?

तुम्ही म्हणाल, एवढं होतं पोटात? नाही. अजून आहे.

मॅडमच्या डोक्यालाही मार होता. त्या दुपारचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. आजींना घरी सोडलं तिथवर आठवायचं, पुढे कोरं. मला हे कळलं तेव्हा हायसं वाटलं.

तीन आठवड्यांनी त्यांना बघायला गेलो. शहाळं नेलं होतं. त्यांचे मिस्टर उठून बाहेर गेले, आम्हाला बोलता यावं म्हणून. मॅडम छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "काका, सगळे म्हणतात गाडी पुढे घ्यायला मीच सांगितलं. मी असं सांगेन का हो? तुम्ही होता ना तिथे. तुम्ही सांगा."

खोलीत आम्ही दोघंच. तिथे नुसतं नाही म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी म्हणालो, "घाईत होता तुम्ही, मॅडम. होतं असं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, दुखत असेल. तर म्हणाल्या, "म्हणजे तुमचा पण जीव गेला असता माझ्यामुळे. माफ करा, काका."

आणि मी काय म्हणालो? असू दे, म्हणालो. मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी — तिला. मग शहाळ्यात नळी घालून दिली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या मागच्या शेडमध्ये साहेबांनी सगळे ड्रायव्हर जमवले. नवे, जुने, चौदा-पंधरा जण. म्हणाले, काका, तुम्ही सांगा यांना नक्की काय झालं, म्हणजे पुन्हा कोणी असं करायचं नाही. मी पुढे जाऊन उभा राहिलो. खडूने जमिनीवर रस्ता काढला. मोटारसायकल इथे, गाडी इथे, मॅडम इथे. गाडी अलीकडे लावायची असते हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं, आणि मॅडमचं नाव घेऊन त्यांची चूकही सांगितली. एकजण म्हणाला, "पण काका, तुम्ही एवढे जुने. तुम्ही का ऐकलंत त्यांचं?"

मी म्हणालो, "मॅडमपुढे आपण कोण रे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पायाने खडू पुसला आणि ड्युटीवर गेलो.