हळू होण्याआधी

सोनेगाव तलावावर सकाळी फिरताना भेटणारे ते काका विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमधून निवृत्त झालेले. नाव मी कधी विचारलं नाही. एक विमान उतरलं, की डोळ्यांवर हात आडवा धरून ते आकाशात मागून येणारं शोधायचे. एकदा मागचं विमान उतरता उतरता परत वर गेलं. मी घाबरलो.

“टॉवरनं सांगितलेला वेग पुढच्या पायलटनं सोडला असन, मधलं अंतर संपलं,” ते म्हणाले. “हळू झाला त्याचं काही नाही गा. जमत नसन तर आधी सांगा लागते. मागच्याले कसं समजन?”

परवा चालता चालता म्हणाले, “गुडघा ऐकत नाही. आता मी हळू होईन. तू समोर हो.”

हे सांगताना त्यांची चाल अजून नेहमीचीच होती.