गालातला बदाम

टोरोंटोच्या एटोबिको भागातल्या डॅनिश क्लबाची मी सभासद कशी झाले, असं लोक मला अजून विचारतात, आणि विचारताना माझ्या रंगाकडे बघतात. मी त्यांना ठणकावून सांगते, माझं डेन्मार्कशी तीन पिढ्यांचं नातं आहे. नागपूरला आमच्या घरी डॅनिश बिस्किटांचा निळा, गोल, पत्र्याचा डबा होता. त्यात आजी सुईदोरे ठेवायची, मग आई, आता मी. तीन पिढ्यांत एकीनेही त्यातलं एक बिस्कीट चाखलेलं नाही, पण डबा टाकलेला नाही. वारसा जपणं याहून वेगळं काय असतं?

खरं कारण म्हणजे माझी शेजारीण. आमच्या एटोबिकोतल्या पहिल्या हिवाळ्यात असा बर्फ पडला की आमची गाडी शोधायला नवऱ्याने चार ठिकाणी खणलं आणि तिसऱ्या ठिकाणी दुसऱ्याचीच गाडी निघाली. तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढची एक उंच, गुलाबी म्हातारी शेजारच्या दारातून फावडं घेऊन आली आणि आमचा पूर्ण ड्राइव्हवे तिने एकटीने शोव्हल केला. नवरा लाजून आत गेला तो एप्रिलमध्येच बाहेर आला. मी तिला म्हटलं, आजपासून तुम्ही माझ्या मावशी. तिने अर्थ विचारला. म्हटलं, आईची बहीण. तिला रागवायचा हक्क असतो आणि खाऊ घालायची जबाबदारी. तिने लगेच दोन्ही सुरू केलं.

मावशी त्या क्लबाची अध्यक्ष होती. क्लब म्हणजे टायरच्या दुकानामागचा एक बुटका विटांचा हॉल. मावशीच्या नवऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी तो स्वतःच्या हातांनी बांधलेला. विमानतळ इतका जवळ की विमान डोक्यावरून जाताना वैमानिक रागात आहे की हसतोय ते दिसायचं. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे जेवण आणि गाणी. विमान आलं की सगळे गाण्यातल्या ज्या शब्दावर असतील तिथे थांबत, आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे जात. सभासद असे वयस्कर की पंचेचाळिशीतल्या मला ते ‘पोरगी’ म्हणत. नियमात लिहिलं होतं, ‘डेन्मार्कवर प्रेम असणारा कोणीही सभासद होऊ शकतो.’ मी निळ्या डब्याचं सांगितलं आणि झाले.

पण हॉल ओस पडत चालला होता. मावशी दर गुरुवारी चाळीस ताटं मांडायची आणि दहा-बारा माणसं यायची. उरलेली स्वच्छ ताटं ती एकेक करून पुन्हा कपाटात ठेवायची. एकदा मी म्हटलं, “मावशी, बाराच मांडा ना.”

“बारा मांडली की बाराच येतील,” ती म्हणाली. मग हातातलं ताट कपाटात ठेवत म्हणाली, “हा हॉल गेला ना पोरी, तर माझ्या आठवड्यात गुरुवारच उरणार नाही.”

आणि हॉल घालवायला एक माणूस टपला होता. क्लबाचा सेक्रेटरी. आयुष्यभर विमा विकलेला, विजेच्या खांबाएवढा उंच आणि तेवढाच बोलका. त्याने पत्रकं वाटली, फेसबुकवर पान काढलं, सभासदांना प्रश्नावली पाठवली. प्रश्नावलीला उत्तर एकच आलं, तेही त्याच्या बायकोचं. तिने लिहिलं होतं, दूध आण. मग तो म्हणू लागला, “सभासदांमध्ये एंगेजमेंट नाही. हॉल बंद करावा आणि दीड तासावरच्या मोठ्या क्लबात विलीन व्हावं.” नाताळच्या जेवणाला सगळे येतात, तेव्हाच मतदान घ्यायचं ठरलं.

आता या एका विषयात माझा अधिकार मोठा आहे. मी मंडळांत वाढलेली बाई! टोरोंटोत मी एका मंडळात होते. ते गणपतीत मोदक उकडीचे की तळलेले यावरून फुटलं. फुटल्यावर दोन्ही मंडळं अशी फोफावली की बाप्पालाही दोन दिवस आधीपासून जागा धरावी लागली. मी मावशीला म्हटलं, “संस्कृतीने माणसं येत नाहीत हो. माणसं येतात भांडायला. आपण नसलो तर आपल्या मागे काहीतरी ठरेल, ही धास्ती पाहिजे. तुमच्याकडे सगळे एकमेकांचं ऐकून घेतात. असल्या ठिकाणी कोण जाईल?”

मावशी खो-खो हसली. “आमच्याकडे भांडण वर्षातून एकदाच. बदामावरून.”

आणि तिने ते सांगितलं. नाताळच्या जेवणात शेवटी भाताची थंडगार खीर असते. फेटलेली साय, वर चेरीचा गरम रस. बदाम बारीक चिरून घालतात, पण एकच बदाम अख्खा. तो ज्याला सापडेल त्याला बक्षीस. गंमत अशी की ज्याला सापडतो त्याने सांगायचं नाही. गालात दाबून गप्प बसायचं, म्हणजे बाकीचे आशेने खात राहतात. शेवटचा वाडगा रिकामा झाला की मगच तोंड उघडायचं. आधी उघडलं तर बदाम बाद.

“बक्षीस काय?”

“बदामाच्या मिठाईचं डुक्कर.”

“मावशी, तुमच्या निम्म्या लोकांना डायबेटिस आहे! डुकरासाठी कोण धडपडेल? खुर्ची ठेवा.”

मी कोणती खुर्ची म्हणतेय ते तिला कळलं. हॉलमध्ये हीटरला लागून दोन हातांची, लोकरीचं कापड चढवलेली खुर्ची होती. मावशीच्या नवऱ्याची, त्यानेच बनवलेली. तो गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं, पण हॉलमधला प्रत्येक जण कोट काढताना एकदा तिच्याकडे बघायचा. सगळ्यात जास्त सेक्रेटरी. टोरोंटोच्या जानेवारीत हीटरशेजारची खुर्ची म्हणजे सिंहासन हो!

दुसऱ्या दिवशी मावशी कुंपणाशी आली. “बसायलाच केली होती त्याने,” एवढंच म्हणाली. ठरलं. ज्याला बदाम, त्याची खुर्ची, पूर्ण वर्षभर.

आणि जेवणाच्या दोन दिवस आधी मावशी बर्फावर घसरली. मनगट प्लास्टरमध्ये. खीर माझ्याकडे आली. तिने एक सोललेला अख्खा बदाम माझ्या तळहातावर असा ठेवला की जणू कोहिनूर. “हा एकच. बाकीचे चिरून. समजलं?”

समजलं मला सगळं. पण चाळीस माणसं आणि एक बदाम? आमच्याकडे पाहुण्यांच्या खिरीत मोजून एक बदाम पडला तर ठरलेलं लग्न मोडतं! शिवाय मला दिसत होतं. एकाला बदाम मिळणार, त्यालाच खुर्ची मिळणार, आणि बाकीचे सगळे निवांतपणे हॉल बंद करून घरी जाणार. मी बदामांचं मोठं पाकीट आणलं, भिजवले, सोलले. आमचे हे नॉर्थ यॉर्कच्या ऑफिसातून आले आणि टेबलावरचा ढीग बघून म्हणाले, “हे चीटिंग आहे.”

“चीटिंग कसलं? एंगेजमेंट आहे.”

मुलगी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, “आई, यू आर नॉट इव्हन डॅनिश.”

“डबा कुठला आहे आपला?” मी विचारलं.

खीर मी मोठ्या भांड्यातून नाही वाढली. काचेच्या छोट्या वाडग्यांत भरली, आणि प्रत्येक वाडग्याच्या तळाशी एकेक अख्खा बदाम पुरला.

त्या दुपारी हॉल खच्चून भरला. मावशीची चाळीस ताटं त्या वर्षात पहिल्यांदाच सगळी लागली. खारवलेला हेरिंग मासा झाला, काळ्या ब्रेडचे थर झाले, छोट्या पेल्यांतून त्यांची जळजळीत दारू झाली, गाणी झाली, विमानं झाली. मावशीने उभं राहून खुर्चीचं जाहीर केलं. हॉलभर एक सुस्कारा गेला. सेक्रेटरीने टाय सैल केला.

मी वाडगे वाढले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

पहिली काही मिनिटं चमच्यांचा आवाज. मग खिडकीजवळची निवृत्त शाळामास्तरीण एकदम थांबली. तिचा डावा गाल जरा वर आला. डोळे निर्विकार. मग तिच्या शेजारचा. मग समोरची दोघं. एकेक करून पूर्ण हॉल गप्प होत गेला, असा गप्प की टायरच्या दुकानात कोणी नट सोडवत होतं ते ऐकू येत होतं. एकोणचाळीस माणसं, एकोणचाळीस फुगलेले गाल, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच भाव: बिचारे बाकीचे! इतके सुखी डॅनिश लोक डेन्मार्कमध्येसुद्धा एका खोलीत कधी जमले नसतील.

एक गृहस्थ मात्र अजून खात होते. क्लबातले सगळ्यात वडीलधारे, नव्वदीतले. ते भाताचं एकेक शीत चमच्यावर घेऊन आधी त्याच्याशी ओळख करून घेत आणि मग खात. त्यांचा वाडगा संपेपर्यंत कोणाला तोंड उघडता येणार नव्हतं.

मी मावशीकडे बघितलं. तिचाही गाल फुगला होता. पण तिच्या चेहऱ्यावर सुख नव्हतं, हिशेब होता. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, सेक्रेटरीच्या गालाकडे बघितलं. मग माझ्याकडे असं बघितलं की माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मला वाटलं, संपलं, आता रागवायचा हक्क.

मावशीने आपला बदाम चावला. सगळ्यांच्या देखत, शांतपणे, चावला आणि गिळला. मग चमच्याने पेला वाजवला.

“कॉफीपर्यंत थांबायला नको,” ती म्हणाली. “सेक्रेटरींचा प्रस्ताव आपण सगळ्यांनी वाचला आहे. मतदान आत्ताच घेऊ.”

या क्लबात मतदान तोंडीच व्हायचं. हात वर करायची पद्धत कधी पडलीच नाही, कारण हातात पेला असायचा. प्रस्तावाच्या बाजूचे असतील त्यांनी मोठ्याने ‘येस’ म्हणायचं, बस्स.

तेवढ्यात विमान आलं. मावशीने ते जाऊ दिलं. कोणी म्हणायला नको की ऐकू आलं नाही.

“हॉल बंद करावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी ‘येस’ म्हणा.”

कोणी बोलेना. नव्वदीतले गृहस्थ शितांतच गुंग होते. चाळीस जोड्या डोळे सेक्रेटरीकडे वळले. प्रस्ताव त्याचा. तो उठून उभा राहिला. त्याने तोंड उघडायला घेतलं आणि त्याची नजर हीटरजवळच्या खुर्चीवर पडली. त्याला आयुष्यात कधी बदाम मिळाला नव्हता. क्लबाच्या पहिल्या नाताळापासून एकदाही नाही, हे मावशीनेच मला सांगितलं होतं. तो उभा. ओठ थरथरतायत. कपाळावर घाम, बाहेर उणे पंधरा! मी अन्न वाढणारी बाई, मला एका क्षणी खरंच दया आली.

तो खाली बसला.

“एकही येस नाही,” मावशी म्हणाली. “प्रस्ताव फेटाळला. आजोबा, तुमचं चालू द्या.”

आजोबांनी शेवटचं शीत संपवलं, आणि तिने विचारलं, “हं, तर बदाम कोणाकडे आहे?”

गारांचा पाऊस पत्र्यावर पडावा तसे बदाम बशांत पडले. आणि मग जो गदारोळ झाला! विमान आलं, गेलं, कोणाला ऐकूच आलं नाही. सेक्रेटरी सरळ माझ्याकडे आला.

“हे तू केलंस.”

“केलं.”

“हा आमच्या परंपरेचा अपमान आहे!”

“साहेब, आमच्याकडे पाहुण्याला बदामाशिवाय खीर वाढणं हा अपमान. हा हेरिटेज क्लब आहे ना? मग तुम्ही माझ्या हेरिटेजच्या विरोधात आहात, असं लिहून घेऊ का सभेच्या वृत्तांतात?”

कॅनडात माणसाला काहीही म्हणा, सहन करतो. एवढंच म्हणू नका. तो पांढराफटक पडला. “मतदान पुन्हा घ्यायला हवं,” तो पुटपुटला.

“घे की,” मागून मावशी म्हणाली. “पण आधी खुर्चीचं ठरव.”

“त्यात ठरवायचं काय?” शाळामास्तरीण ओरडली. “मला सगळ्यात आधी सापडला!”

“पण तुम्ही एकच अख्खा बदाम दिला होता ना?” सेक्रेटरी मावशीला म्हणाला. “मग खरा तो एकच. आणि तो माझा आहे. मला चवीवरून कळलं.”

बस्स! तिथून जी ठिणगी पडली ती पडली. पुढच्या गुरुवारी खऱ्या बदामाचा निकाल लावायला सगळे आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी, आपण नसताना निकाल लागू नये म्हणून सगळे आले. उपसमिती नेमली. उपसमितीच्या विरोधात दुसरी उपसमिती. लोक साक्षीदार म्हणून नातवंडं आणू लागले. मावशीला आणखी ताटं आणावी लागली. ती आणायला तिच्याबरोबर मीच गेले, आणि दुकानात ती मला सारखी रागवत होती आणि सारखी हसत होती. निकाल लागेपर्यंत खुर्चीवर मावशीने बसावं असं एकमताने ठरलं. क्लबाच्या इतिहासातलं ते शेवटचं एकमत. सेक्रेटरी आता सगळ्यांच्या आधी हजर असतो. आपला बदाम त्याने अंगठीच्या मखमली डबीत जपलाय आणि नव्या माणसाला तो आधी डबी उघडून दाखवतो. विलीनीकरणाचं नाव काढलं तर म्हणतो, “आधी न्याय, मग बाकीचं.”

अधूनमधून कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, “तू तर भरले होतेस वाडगे. खरं सांग, मावशीने दिलेला तो बदाम कोणाच्या वाट्याला गेला?” मी दर वेळी वेगळ्या टेबलाकडे नुसती नजर टाकते आणि म्हणते, मी काही बोलणार नाही.

तो मी तेव्हाच खाल्ला होता. एखादा बदाम कडू निघतो. एवढ्या माणसांच्या खिरीत टाकायच्या आधी करणारीने चाखून बघायला नको?