आत्याबरोबर बाटामला

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरच्या विद्यापीठात संशोधन करत होते आणि क्लेमेंटीला एका म्हाताऱ्या चिनी बाईंच्या फ्लॅटमध्ये खोली भाड्यानं घेऊन राहत होते. तिशी उलटली होती, लग्न केलं नव्हतं, आणि मिळेल ती सुट्टी पाठीवर सॅक टाकून एकटीनं भटकण्यात घालवत होते. टूर कंपनीबरोबर टोप्या घालून फिरणाऱ्यांची मी टिंगल करायची. मलेशिया बऱ्यापैकी पाहून झाला होता. सुमात्रा मात्र राहिलं होतं. एवढं थोरलं बेट, त्यावरचे ज्वालामुखी, डोंगराच्या कुशीतलं तळं, आणि पोचायला नुसती बोट आणि बस.

त्या वर्षी आत्या आली. ती सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, नुकतीच रिटायर झाली होती. लग्न तिनंही केलं नव्हतं. माझ्याबद्दल काळजीनं बोलायचं झालं की घरात सगळे "आत्यावर गेलीय" एवढंच म्हणत. आल्या आल्या तिनं मला सांगितलं, "मॉल आणि प्राणीसंग्रहालय नको गं मला. तू जाशील तिकडं ने." मी खूश झाले. इंडोनेशियाचे व्हिसा काढले. बेत सोपा होता. सिंगापूरहून फेरीबोटीनं बाटाम बेटावर जायचं, तिथं एक रात्र काढायची आणि सकाळच्या बोटीनं सुमात्रा.

घरमालकीणबाईंना सांगितलं, तर त्यांनी आधी आत्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, "बाटाम आ? बाटाम अंकल लोकांसाठी लाह. आँटी लोकांसाठी नाही."

मी हसून सोडून दिलं. शनिवार-रविवार पुरुष तिकडं कशाला जातात हे मला ठाऊक होतं. सगळ्या सिंगापूरला ठाऊक होतं. पण बाटाम माझ्या लेखी एसटी बदलायच्या स्टँडसारखं होतं. आपल्याला तिथं काय करायचंय?

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही दादांकडे जेवायला गेलो होतो. मराठी मंडळींत सगळे त्यांना दादाच म्हणायचे. आधी जहाजावर चीफ इंजिनिअर होते, मग किनाऱ्यावर नोकरी धरून बंदरात येणाऱ्या जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करायचे. महाराष्ट्रातून कुणीही नवं माणूस आलं की त्याचं पहिलं जेवण त्यांच्या घरी व्हायचं. वहिनींनी आत्याला आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढल्या. दादा आम्हाला एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत सोडायला आले. "आत्या, परक्या मुलखात आहात, काही लागलं तर घरच्या माणसासारखी हाक मारा," म्हणाले. बाटामचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. का, ते आता आठवत नाही. बहुतेक "दोघीच कशाला?" असं त्यांनी विचारलं असतं म्हणून.

शनिवारी सकाळच्या फेरीत आम्ही दोघी सोडल्या तर बायका अशा चारपाचच. बाकी सगळे पुरुष. मध्यमवयीन, इस्त्रीचे टी-शर्ट घातलेले, हातात एक छोटा पाऊच, दुसरं सामान नाही. सहलीला निघालेल्या पोरांसारखे मोठमोठ्यानं बोलत होते. आत्या खिडकीतून जहाजं बघत होती. मधेच तिनं मान वळवली.

"दादांचा आवाज आला."

"इथं कुठले दादा?"

"अगं, जन्मभर आवाजच ओळखत आले मी. मागं आहेत ते."

मी वळून पाहिलं. आमच्या चार-पाच रांगा मागं दादा उभे होते. दोघातिघा चिनी माणसांबरोबर हसत होते. त्यांची आणि माझी नजरानजर झाली. मी हात वर करणार तेवढ्यात त्यांनी तोंड फिरवलं आणि डेकवर जायच्या जिन्याकडे चालू लागले. पाठमोरा माणूस किती घाईत आहे ते कळतं. माझी कानशिलं एकदम तापल्यासारखी झाली.

"कामाला निघाले असतील," मी म्हटलं.

आत्यानं मान वळवली. ती पुन्हा जहाजं बघायला लागली.

बाटामला धक्क्यावर बोटीच्या तिकिटांचा एजंट भेटला. त्यानंच एका हॉटेलचं नाव सांगितलं, स्वच्छ आहे म्हणाला. होतंही स्वच्छ. लॉबीत लांब सोफ्यावर सातआठ जणी बसल्या होत्या. नटलेल्या, कंटाळलेल्या, एक नखं रंगवत होती. काउंटरवरच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि इंग्रजीत विचारलं, "कुठल्या खोलीत बोलावलंय तुला?"

मला कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा मी पासपोर्ट काढून काउंटरवर आपटला, त्यावर विद्यापीठाचं ओळखपत्र आपटलं आणि ओरडले, "मी संशोधक आहे! ही माझी आत्या आहे!" सोफ्यावरच्या मुली हसल्या. वाईट हसल्या नाहीत. वर्गात कुणीतरी पडलं की हसू येतं तशा. त्या माणसानं मुकाट्यानं किल्ली दिली. जिना चढून आम्ही खोलीत आलो. त्या ओळखपत्रानं मी नेमकं काय सिद्ध केलं आणि कुणापुढं, याचा विचार मला तेव्हाच नकोसा झाला होता.

"काय म्हणाला तो?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. नावं विचारत होता."

"मला इंग्रजी येतं गं," ती म्हणाली आणि नळाखाली पाय धुवायला गेली.

दुपारी जेवायला आम्ही हॉटेलच्याच खाली गेलो. बाहेर ऊन रणरणत होतं. कोळंबी न घातलेला भात मिळवायला मी वेटरशी हुज्जत घालत होते, तेवढ्यात दार ढकलून दादा आत आले. बरोबर एक बाई होती, पंचविशी-तिशीची, साधा फुलाफुलांचा झगा घातलेली. तिच्या हातातली बाजाराची पिशवी दादांनी घेतली होती. घरी ते वहिनींची पिशवी घेत की नाही, मी कधी पाहिलं नव्हतं.

मी मेनूकार्डात तोंड घातलं. आत्यानं हाक मारली, "अहो दादा!"

आता पळता येणार नव्हतं. ते टेबलाशी आले. चेहरा पांढराफटक. "अरे! आत्या! तुम्ही... इथं कुठं?"

"आम्ही सुमात्राला निघालोय. तुम्ही?"

"कामासाठी. जहाज आहे इथं एक."

"आणि या?"

"या... ऑफिसातल्या आहेत."

आत्यानं खुर्ची मागं ओढली. "बसा ना मग. उभं का राहायचं?"

ती बाई लगेच बसली, खुशीनं. दादांना बसावंच लागलं. आत्यानं पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून तिच्यापुढं धरली आणि सरळ इंग्रजीत विचारलं, "तुझं गाव कोणतं?" जावातलं, ती म्हणाली. तिथं आई असते, लहान भावंडं असतात. इथं आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या फॅक्टरीत होती, ते काम गेलं. तोडकंमोडकं इंग्रजी, पण हातांनी, डोळ्यांनी भरभर सांगत होती. आपल्याशी कुणी बायका बोलतायत याचंच तिला अप्रूप वाटत असावं. मग तिनं चिक्कीचा तुकडा मोडला, अर्धा दादांच्या बशीत ठेवला आणि आम्हाला म्हणाली, "हे चांगले. दर महिन्याला येतात. दारू पिऊन मारत नाहीत. दुसरे लोक चांगले नाहीत."

तिनं ते दादांचं कौतुक म्हणून सांगितलं. आमच्या नात्यातल्या माणसाबद्दल आमच्याकडे चांगला शब्द टाकावा, तसं.

दादांनी चिक्की तोंडात घातली. चावता येईना, थुंकता येईना. मी टेबलाच्या प्लॅस्टिकच्या कापडावरचे ठिपके बघत बसले. मला वाटत होतं, मीच कुठंतरी पकडली गेलेय. आत्या तेवढी शांत. "भाऊ शाळेत जातात का?" असं काहीतरी विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुमात्राला गेलो. बोट समुद्र सोडून नदीत शिरली, मग बसनं डोंगर चढलो, तळंही पाहिलं. आत्या तळ्याकाठी गुडघ्यापर्यंत पातळ उचलून पाण्यात उभी राहिली, तो फोटो अजून माझ्याकडे आहे. पण माझी नजर बिघडली होती. आमच्या लॉजमध्ये पिकल्या केसांचा एक गोरा होता, पाठीवर माझ्यासारखीच सॅक, हातात मी वापरत होते तेच प्रवासाचं पुस्तक. त्याच्याबरोबर गावातली एक तरुण बाई होती. तो खोलीचं भाडं कमी करून मागत होता आणि ती भिंतीला टेकून उभी होती. आदल्या संध्याकाळी मीही तसंच भाडं पाडून घेतलं होतं आणि आत्याला अभिमानानं सांगितलं होतं. एकटीनं, कुणाच्या मदतीशिवाय प्रवास करते म्हणून मी जी मान वर करून फिरायची, ती त्या लॉजच्या ओसरीवर खाली गेली.

परत आल्यावर दादांचा फोन आला. क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, ते आम्हाला भेटले. तीन ग्लास चहा मागवला आणि कुणीच प्यायला नाही.

"आत्या, माझा संसार आहे. मुलगी शाळेत आहे."

"ते मला कशाला सांगता? मी विसरले का?"

"हिच्या कानावर जायला नको."

आत्या म्हणाली, "दादा, मी एक्स्चेंजमध्ये होते. गावातल्या निम्म्या लोकांचं काय चाललंय ते मला माहीत असायचं. घरी येऊन मी कधी कुणाचं नाव काढलं नाही. तुमचंही काढणार नाही. पण त्यांनी मला समोरासमोर विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

दादांना हायसं वाटलेलं दिसलं. "ती विचारणार नाही," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात एका काकूंच्या काँडोतल्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकू होतं. आम्ही आत शिरलो आणि बोलणं थांबलं. असं बोलणं थांबतं तेव्हा ते आपल्याबद्दल असतं हे कुणी शिकवावं लागत नाही. मग एक जण गोड आवाजात म्हणाली, "बाटामला गेला होतात म्हणे! दोघीच? दादांनी सांगितलं, ते जहाजाच्या कामाला गेले होते ना. भलत्याच हॉटेलात उतरला होतात म्हणाले, त्यांना फार काळजी वाटली. एकट्या बायकांचं कठीणच असतं बाई."

दुसरी हसली. तिसरीनं माझ्याकडे पाहिलं. हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसानं पाहिलं होतं तसंच, वरपासून खालपर्यंत. इथं आपटायला माझ्याकडे ओळखपत्र नव्हतं. मी म्हटलं, "एजंटनं सांगितलं तिथं उतरलो." माझा आवाज मलाच गुन्हेगारासारखा वाटला. दादांनी आधीच सांगून सगळं आमच्यावर उलटवलं होतं, आणि मी नुसती तापलेल्या कानांनी उभी होते. आत्या माझ्या शेजारी वाण हातात घेऊन बसून राहिली. साठीच्या बाईबद्दल हे लोक काय बोलतायत, ते तिला कळत होतं.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. पाणी प्यायला म्हणून आत्या आत गेली, मी तिच्या मागून गेले. वहिनींनी आमच्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "आत्या, हे तिथं एकटे होते का?"

आत्यानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "नव्हते."

वहिनी खिरापत वाट्यांत भरत होत्या. भरत राहिल्या. सगळ्या वाट्या सारख्या भरून झाल्यावर म्हणाल्या, "मला माहीत आहे. बरेच दिवस माहीत आहे. मी सांभाळून घेतलं होतं. पण आता तुम्हा दोघींना माहीत आहे, आणि तुम्ही माझ्या घरी जेवलाय. मला तुमच्याकडे बघवत नाही. पुन्हा नका येऊ."

आत्या फक्त "बरं" म्हणाली. येताना बसमध्ये मी तिला म्हटलं, "तू नाही म्हणायचं होतंस." ती म्हणाली, "तिनं विचारलं गं." एवढंच. महिनाअखेर ती सांगलीला गेली.

नंतर मला कुठलं आमंत्रण आलं नाही. गणपतीचं नाही, दिवाळीचं नाही. मीही गेले नाही. वाईट काय ते दादांनी केलं होतं आणि त्यांच्याकडच्या पंक्ती तशाच उठत होत्या. रस्त्यात मराठी बोलणं ऐकू आलं की फुटपाथ बदलायची मी. चूक कुणाची याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती, तरी लाज माझ्याच अंगाला चिकटून राहिली.

वर्ष-दीड वर्षानं पाया लेबारला बसस्टॉपवर वहिनी भेटल्या. मी नजर चुकवणार होते, त्यांनीच हाक मारली. एका ऑफिसात नोकरी धरली होती. केस कापले होते. दादा आता पुन्हा जहाजावर असतात म्हणाल्या, त्या आणि मुलगी दुसऱ्या फ्लॅटमध्ये राहतात. आणखी काही त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बस दिसली तशा त्या घाईनं म्हणाल्या, "तुझ्या आत्यांना सांग, मी रागावले नव्हते. मला लाज वाटत होती."

"तुम्हाला कशाची, वहिनी?"

"तेच मला अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

मी त्या रविवारी सांगलीला फोन लावून निरोप सांगितला.   आत्यानं विचारलं, "नोकरी लागली म्हणालीस ना तिला? कायमची आहे का?"

मी म्हटलं, ते विचारायचं राहिलं.