फ्रिज हॉलमध्ये, शाळा घरात

शपथ घेऊन सांगतो निल्या, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील. माणसं खरी आहेत. फ्रिज तर एकदम खरा आहे, घरी येऊन हात लावून बघ.

पण आधी अट. जो हसेल तो मिसळीचं बिल देणार. मी हसत नाही, तुला माहितेय. तू तुझं बघ.

ओझरहून आम्ही पाथर्डी फाट्याला रो हाउसमध्ये शिफ्ट झालो तेव्हा सगळं सामान एका टेम्पोत मावलं. किस्से मात्र अजून उतरवून होत नाहीयेत. कारण साधंय. लोकांची पोरं सकाळी शाळेत जातात, मग दिवसभर घरात काही घडतच नाही. आम्ही दिवसभर घरीच! मी, माझी नऊ वर्षांची बहीण जाई, आणि आई. आई आधी शाळेत शिकवायची. मग तिने स्वतःच्याच पोरांना शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला घेतलं. लोक म्हणतात, काय धाडस! बाबा म्हणतात, "आचारीच स्वतःच्या हॉटेलात जेवत नसेल तर आपण पण विचार केला पाहिजे."

आमच्या घरशाळेचा नियम एकच. प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही. समोरचा उलट विचारतो, "तुला काय वाटतं?" मग आपण आठवडाभर शोधायचं आणि रविवारी संध्याकाळी सगळ्यांपुढे दाखवायचं. सांगायचं नाही, दाखवायचं! पुस्तकात आहे, नेटवर आहे, असलं काही चालत नाही. नाही जमलं तर पुढचा रविवार.

या नियमाने आमचं घर चालतं. टेम्पोवाल्याला हे माहीत नव्हतं.

*

टेम्पोवाला फ्रिज पाठीवर घेऊन दारात उभा. घामाघूम. आई वर पंखे मोजत होती. दारात फक्त जाई.

"ताई, फ्रिज कुठं ठेवू?"

जाई म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

भावा, त्या माणसाला आयुष्यात कुणी हे विचारलं नसणार. त्याने फ्रिज खाली ठेवला. सगळं घर फिरून बघितलं. पाणी प्यायला. आणि फ्रिज हॉलमध्ये सोफ्याच्या शेजारी लावला.

आई खाली आली. "अहो दादा, हा किचनमध्ये!"

"किचनमध्ये उठून जावं लागतं वहिनी. इथं बसल्या बसल्या दार उघडतं." आणि सोफ्यावर बसून त्याने उघडूनही दाखवलं.

दाखवलं म्हटल्यावर आईचा नाइलाज झाला. नियम म्हणजे नियम. फ्रिज अजून हॉलमध्येच आहे.

*

मग आईची मावशी आली, नवीन घर बघायला. चहा झाला, आणि तिने जाईला हळूच विचारलं, "बाथरूम कुठंय गं?"

आता सांग, जाई काय म्हणाली असेल.

मावशी बिचारी एकेक दार उघडत निघाली. आधी देवघर, मग जिन्याखालची खोली. तिथे आमची न उघडलेली खोकी होती. आतून धडाधड आवाज आला. थोड्या वेळाने मावशी बाहेर आली ती हातात मिक्सरचं भांडं घेऊन. शिफ्टिंगपासून आम्ही ते शोधत होतो!

आईने आधी तिला बाथरूम दाखवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाहुण्यांना असंच मोकळं सोडत जा. अजून इस्त्री सापडायचीय."

*

समोरच्या घरात साळवे काका. रिटायर्ड क्लार्क, माणूस एकदम सोनं. पण आम्ही दोघं भर सकाळी अंगणात दिसलो की त्यांच्या जिवाला चैन पडायचं नाही.

"काय रे, आज सुट्टी?"

पहिल्या दिवशी मी होमस्कूलिंग समजावलं. नीट ऐकलं त्यांनी, मान पण डोलावली. दुसऱ्या दिवशी परत, "काय रे, आज सुट्टी?" मग मी म्हटलं, माणसाला हवं ते द्यावं. "हो काका, आज सुट्टी. आज जागतिक खिडकी दिन." पुढच्या दिवशी राष्ट्रीय चप्पल दिन. चेहरा असा सरळ ठेवून.

काकांची सून ऑफिसात कामाला. काकांनी तिला सांगितलं, आज सुट्टी आहे. सासरे क्लार्क होते, त्यांना सुट्ट्या पाठ, म्हणून ती गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी साहेबाने विचारलं, "मॅडम, काल कुठं होतात?"

"काल सुट्टी होती ना सर."

साहेब चिडला. "आणि मला कुणी सांगितलं नाही?" त्याने स्वतःची हुकलेली सुट्टी त्याच दिवशी घेतली.

हे मी डोळ्यांनी नाही बघितलं. पण साळवे काकूंनी सांगितलंय, आणि काकू खोटं बोलत नाहीत. ते काम आपल्याकडे आहे.

*

तर या काकांचं आणि आमचं नातं घट्ट झालं ते बेलमुळे. बाबांनी वायरलेस बेल आणली. आमचं बटन दाबलं की आमच्याकडे वाजायची, आणि काकांकडेही वाजायची. त्यांच्याकडे पण तसलीच बेल, फ्रिक्वेन्सी एकच. बाबा कारखान्यात क्वालिटीला आहेत, त्यांना कारण लगेच कळलं. पण जाईने विचारलं होतं ना, "असं का होतं?" मग बाबांना उत्तर देता येईना, बेल बदलता येईना!

जाईने शोधून काढेपर्यंत काकांना सवय लागली. बेल वाजली की दोन दारं उघडायची. आई किचनमधून ओरडायची, "कोण आहे रे?" आणि समोरच्या घरातून काका ओरडायचे, "कुरिअर! सही करून घेतलंय!"

नंतर आम्ही बेल बदलली. काका आठवडाभर नाराज होते. शेवटी आईने जुनी परत लावली.

*

बुधवारी आमचं गणित बाजारात असतं. गोदावरीच्या काठी बुधवारचा बाजार भरतो, तिथे. हरसूलकडची एक मावशी भाजी घेऊन बसते. जाईने तिला विचारलं, "मावशी, भाव कसा ठरवता?"

"तोंड बघून, बाय."

जाईने ते खरं धरलं. पुढच्या बुधवारी तिने आम्हाला एकेकटं पाठवलं. तीच मावशी, तीच मेथी. मला सगळ्यात स्वस्त मिळाली. आईला मधली. बाबांना सगळ्यात महाग!

रविवारी जाईने तिन्ही जुड्या फ्रिजवर मांडल्या आणि निष्कर्ष सांगितला, "बाबांचं तोंड महाग आहे."

बाबांना लागलं ते. क्वालिटीचा माणूस, म्हणाले फॉल्ट शोधू. पुढच्या बुधवारी मिशी काढून गेले. भाव अजून वाढला. मावशी म्हणाली, "आता लय शिकलेले दिसताय, साहेब."

*

हे सगळं मजेत चाललं होतं. तेवढ्यात आप्पांचा व्हिडिओ कॉल आला.

आप्पा म्हणजे आईचे वडील. नामपूरला हेडमास्तर होते, छत्री कायम हातात. शुद्ध बोलतात, चिडले की अहिराणीत येतात. आपल्या मुलीने नातवंडांना शाळेतून काढलं, हे त्यांना कधीच पटलं नाही. माझी बारावी झालीय, त्यामुळे माझा नाद त्यांनी सोडलाय. पण जाई!

"नवीन घर झालं, आता नवीन शाळा. मी येतो आणि जाईची तोंडी परीक्षा घेतो. पास झाली तर राहू दे घरी. नापास झाली तर शाळेत नाव. बोला जावईबापू, कबूल?"

बाबांना कुणालाही नाही म्हणता येतं. सासऱ्यांना येत नाही. म्हणाले, "कबूल."

जाई त्या रात्री जेवली नाही. मला म्हणाली, "दादा, शाळेत बेल वाजली की प्रश्न अर्धा सोडून द्यावा लागतो, खरंय का?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती रडायला लागली. पहिल्यांदाच मला वाटलं, हा नियम कधीकधी बेकार आहे.

मग मी तिला तयार केलं. रोज छत्री घेऊन आप्पा व्हायचो. पाढे, नद्या, राजधान्या. समजायचं नाही, घोकायचं! आई बघून न बघितल्यासारखं करायची. जाई अशी तयार झाली की मी नुसतं "का" म्हणायचो आणि ती म्हणायची, "काठमांडू."

*

आप्पा आले गुरुवारी. बेल वाजली, दोन दारं उघडली. साळवे काका म्हणाले, "परीक्षा घ्यायला आलात ना? समोर. मुलगी घाबरलीय, सांभाळून घ्या."

आप्पा आत आले आणि पहिलंच वाक्य, "हाई काय शे? फ्रिज हॉलमध्ये का?"

जाईने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

परीक्षा सुरू. आप्पा सोफ्यावर, छत्री मांडीवर. एकोणतीसचा पाढा, म्हटला. महाराष्ट्रातल्या नद्या, म्हटल्या. नेपाळची राजधानी, काठमांडू! आप्पांचा आवाज मऊ होत गेला. मधेच त्यांनी बसल्या बसल्या फ्रिज उघडून ताक पण घेतलं.

"शेवटचा. पृथ्वी कोणाभोवती फिरते?"

"सूर्याभोवती."

"शाब्बास! पास! पहिल्या नंबरात पास!"

आईने डोळे पुसले. बाबांनी पेढे काढले. आणि आप्पा म्हणाले, "एवढी हुशार पोर घरात वाया घालवता? सोमवारी नाव घालायचं. येताना शाळेत बोलून आलोय, सकाळी बोलावलंय."

बाबांचा पेढा हातातच. "पण आप्पा, पास झाली तर घरी, असं ठरलं होतं ना?"

"ते मी, ती नापास होईल म्हणून म्हटलं होतं!"

जाई या वेळी रडली नाही. तिने हळूच विचारलं, "आप्पा, पृथ्वी फिरते, हे तुम्ही पाहिलंय?"

"पुस्तकात आहे."

"आमच्याकडे तसं नाही चालत. दाखवावं लागतं. रविवारी."

आता हेडमास्तर तो. आयुष्यभर ज्याने शिकवलं, त्याला नऊ वर्षांची पोर म्हणतेय दाखवा. आप्पा म्हणाले, "दाखवतो! त्यात काय! आणि सोमवारी शाळा."

रविवारी आमच्या हॉलमध्ये गर्दी. साळवे काका सूर्य. त्यांना टॉर्च देऊन मधे स्टुलावर उभं केलं. आप्पा पृथ्वी. काकांभोवती फेऱ्या घालायच्या, आणि स्वतःभोवती पण फिरायचं. सोफा, फ्रिज, काका, परत सोफा. तिसऱ्या की चौथ्या फेरीला आप्पांनी फ्रिज धरला.

जाईने विचारलं, "आप्पा, कोण फिरतंय?"

डोळे मिटून आप्पा म्हणाले, "घर फिरतंय."

"आणि सूर्य?"

"सूर्य पण."

स्टुलावरून काका म्हणाले, "मी हललोसुद्धा नाही हो! शपथ!"

जाई म्हणाली, "पुढचा रविवार."

*

सोमवार. शाळेत जायचा दिवस. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार, इस्त्री शेवटी सापडली होती. जाई दोन वेण्या घालून जिन्यात बसलेली. आप्पा कुठेच नाहीत. छत्री खुंटीला, चपला दारात.

आम्ही गच्चीवर गेलो. भर उन्हात आप्पा बनियनवर. मधे कुंडी, कुंडीत काठी उभी, आणि फरशीवर सगळीकडे खडूच्या खुणा.

बाबा म्हणाले, "आप्पा, शाळेची वेळ झाली. निघायचं ना?"

"जावईबापू, बाजूला व्हा. सावली हलतेय."

आईचा फोन वाजला. नामपूरहून आजी, आप्पा घरी कधी येणार विचारायला. आईने स्पीकरवर टाकला.

"अहो, घर कव्हय येशात?"

आप्पा खुणेवरून नजर न उचलता म्हणाले, "मना अभ्यास बाकी शे."

जाई हळूच जाऊन त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. आप्पांनी तिच्या हातात खडू दिला.

तेवढ्यात समोरच्या गच्चीवर साळवे काका कपडे वाळत घालायला आले. आप्पांना बघितलं. खडू बघितला. म्हणाले, "काय गुरुजी, आज सुट्टी?"

आप्पांनी मान वर केली.

"तुम्हाला काय वाटतं?"

*

दात दिसले, निल्या. खोकला नव्हता तो. चल, काढ पाकीट, आणि माझा एक्स्ट्रा पाव पण धर.